टायर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज पडलं? ग्वाल्हेरच्या थंडीत आधी हे तपासा

डिसेंबर लागला की आमच्या दुकानात एक तक्रार जवळजवळ रोज येते: "नवे टायर टाकले आणि गाडी पेट्रोल प्यायला लागली." ग्वाल्हेरच्या लष्कर भागात टायर आणि अलाइनमेंटचं काम करायला लागून मला बावीस वर्षं झाली. तक्रार तीच, महिनेही तेच. एवढ्या वर्षांत टायर खरोखर दोषी निघाला अशी उदाहरणं फार थोडी. तरी लोक नवे टायर काढून दुसऱ्या कंपनीचे टाकायला निघतात, नाहीतर इंजिन उघडायला. दोन्हींत हजारो रुपये जातात आणि अ‍ॅव्हरेज आहे तिथेच राहतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ग्वाल्हेरमध्येच ही तक्रार हिवाळ्यात एवढी का उसळते, याला एक स्थानिक कारण आहे. इथला मोठा व्यापारी मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला, आणि तो भरतो ऐन थंडीत. ज्या वर्षी सरकार मेळ्यातल्या गाड्यांवर रोड टॅक्सची सूट जाहीर करतं, त्या वर्षी लोक गाडी घ्यायला मेळ्याचीच वाट बघतात. त्यामुळे गावातल्या कितीतरी गाड्या जानेवारी-फेब्रुवारीत रस्त्यावर येतात आणि चार-पाच वर्षांनी त्यांचे टायरही त्याच सुमारास संपतात. म्हणजे नवा टायर आणि कडाक्याची थंडी एकाच महिन्यात गाठ घालतात. थंडी आपलं काम गुपचूप करते आणि आळ टायरवर येतो.

लक्षणं

तुमच्या गाडीत यातलं काय काय दिसतं ते आधी बघा. तपासणी कुठून सुरू करायची हे त्यावर ठरेल.

– टायर बदलून महिना झाला, लिटरमागे अर्धा-एक किलोमीटर कमी पडतोय, बाकी गाडी उत्तम.
– सकाळी स्टेअरिंग जड लागतं, दहा-पंधरा मिनिटं गाडी चालली की हलकं होतं.
– अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी पूर्वीसारखी वाहत नाही, कुणीतरी मागून धरल्यासारखी मंदावते.
– सरळ रस्त्यावर स्टेअरिंग जरा तिरकं धरावं लागतं, किंवा सोडलं की गाडी एका बाजूला जाते.
– थांबल्यावर एका चाकापाशी जळका वास येतो, किंवा एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं.
– हायवेवर मोबाइलचा जीपीएस दाखवतो ते अंतर आणि गाडीचा मीटर यांत आता वेगळाच फरक येतो.

पहिली दोनच लक्षणं असतील तर बहुतेक वेळा एक पैसाही खर्च न करता काम होतं. जळका वास येत असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट चौथ्या तपासणीवर जा. ते अ‍ॅव्हरेजचं नाही, ब्रेकचं प्रकरण आहे.

१. अ‍ॅव्हरेज खरंच पडलंय का?

याला खर्च शून्य, आणि माझ्या अनुभवात निम्मं भांडण इथेच मिटतं. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा हा गाडीचा अंदाज असतो, त्यावर निकाल देऊ नका. टाकी फुल करा आणि पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा. "और दो सौ का डाल दूँ, राउंड फिगर हो जाएगा?" याला नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी पाव राहीपर्यंत गाडी चालवा, मग त्याच पंपावर, जमल्यास त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ट्रिपवर ४८६ किलोमीटर आणि पेट्रोल ३१.४ लिटर लागलं, तर अ‍ॅव्हरेज १५.५. एका टाकीवर विसंबू नका, दोन-तीन टाक्यांचा हिशेब घ्या.

तुलनाही सारख्याशी सारखी करा. जानेवारीतला आकडा मागच्या जानेवारीशी ताडायचा, ऑक्टोबरशी नाही. थंडीत हवा दाट होते. सहा अंशांची हवा छत्तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के जड असते, आणि आग्र्याच्या रस्त्यावर ९० च्या वेगाने जाताना ती कापायला तेवढा जास्त जोर लागतो. उलट मे महिन्यात एसी चालू असतो, तोही पेट्रोल खातो. दोन ऋतूंचे आकडे समोरासमोर ठेवून टायरचा न्याय करता येत नाही.

यात एक गोम आहे, आणि ती बहुतेकांना कुणी सांगितलेली नसते. गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. १८५/६५ आर १५ या मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर असतो. टायर गुळगुळीत होत आला की रबराचा सहा-एक मिलिमीटरचा थर गेलेला असतो, म्हणजे व्यास बारा मिलिमीटरने कमी. लहान चाक त्याच रस्त्याला जास्त फेरे घेतं, त्यामुळे झिजलेल्या टायरवर मीटर किलोमीटर थोडे फुगवून सांगत होता. नवे टायर घातले की फुगवटा गेला. प्रत्यक्ष अंतर तेच, पेट्रोल तेच, पण मीटरवर किलोमीटर दीड-दोन टक्के कमी. १६ चं अ‍ॅव्हरेज १५.७ दिसतं आणि गाडीचं काहीही बिघडलेलं नसतं. खात्री करायची तर हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर वीस किलोमीटर मोजा आणि मीटरशी ताडून बघा.

त्याच मापाऐवजी "थोडे रुंद" म्हणून १९५/६५ बसवले असतील तर आणखी दोन टक्के. माझा एक ठेकेदार ग्राहक पावसाळ्यात चंबळच्या बीहडात, म्हणजे नदीकाठच्या घळींत, काम करतो. जूनमध्ये तो एसयूव्हीला जाड नक्षीचे एटी (कच्च्या रस्त्यावरही चालणारे) टायर चढवतो आणि दिवाळीनंतर उतरवतो. आमच्या भागात ऋतूप्रमाणे टायर बदलणारा असा माणूस विरळाच. त्याचे पावसाळी टायर २३५/७०, मूळचे २३५/६५. एवढ्या फरकानेही मीटर तीन टक्क्यांनी मागे राहतो. दरवर्षी तो पावसाळ्यातलं अ‍ॅव्हरेज बघून हळहळायचा. त्यातलं किती खरं जड टायरमुळे आणि किती नुसतं मीटरमुळे, हे वेगळं करून दाखवल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

२. थंड टायरची हवा, तुमच्या स्वतःच्या गेजने

थंडीतल्या या तक्रारीची गुरुकिल्ली हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

परवाच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी साडेसहा, गल्लीत धुकं, समोरच्या घराचा दिवाही नीट दिसत नव्हता. माझ्या गाडीत ऑक्टोबरच्या मध्यावर दुपारी ३३ पॉइंट हवा भरलेली होती. पॉइंट म्हणजे पीएसआय, आपल्याकडे सगळे पॉइंटच म्हणतात. टोपी काढून गेज लावला: २६. दुसरं चाक २६, तिसरं २७, चौथं पुन्हा २६. कुठेही पंक्चर नाही, व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघितली तर बुडबुडाही नाही. मग सात पॉइंट गेले कुठे?

हिशेब सरळ आहे. हवा थंड झाली की आकसते. दर दहा अंशांना टायरमधला दाब साधारण दीड पॉइंटने उतरतो. त्या दुपारी ३४ अंश, या पहाटे ६ अंश. अठ्ठावीस अंशांच्या फरकाचे झाले चार-साडेचार पॉइंट. उरलेले अडीच-तीन रबरातून झिरपून गेले, कारण निरोगी टायरमधूनही महिन्याला सुमारे एक पॉइंट जातोच. पुणे-मुंबईकडे हा फरक एवढा जाणवत नाही. ग्वाल्हेरला उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो आणि थंडीत पारा चार-पाचवर येतो, त्यामुळे इथल्या टायरचं हे दुखणं मोठं.

नायट्रोजन भरलाय म्हणून हे टळेल असं समजू नका. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत तोही तेवढाच आकसतो. झिरपणं किंचित मंदावतं, एवढाच काय तो लाभ.

आता चूक नेमकी कुठे होते ते बघा. तुम्ही घरून निघता, आठ-दहा किलोमीटर चालवून पंपावर पोहोचता. तोवर टायर तापलेला असतो आणि दाब तीन-चार पॉइंटने चढलेला. हवावाला गेज लावतो, "साहब, छत्तीस है, तैंतीस कर देता हूँ," म्हणतो आणि हवा सोडतो. तुम्ही समाधानाने घरी येता. रात्री टायर थंड झाला की आत उरतात २९-३०. तो माणूस वाईट नाही, त्याने सांगितल्याप्रमाणेच काम केलं. आकडा गार टायरचा होता आणि टायर गरम होता, घोळ एवढाच.

म्हणून तीन-चारशे रुपयांचा एक गेज घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना, निदान तीन तास तरी उभी असताना, ऊन पडायच्या आत चारही चाकं मोजा, डिकीतल्या स्टेपनीसकट. किती हवी तो आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. पुढच्या-मागच्या चाकांचे आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, ते नीट वाचा. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा हा कमाल मर्यादेचा आहे, भरायचा नाही. तेवढी हवा भरून अ‍ॅव्हरेज वाढवणारे लोक मला भेटतात. टायर मधोमध झिजतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की पकड कमी पडते.

घरी हवा भरायची सोय नसेल तर सकाळी किती कमी आहे ते लिहून घ्या. चार पॉइंट कमी असतील तर पंपावर गेल्यावर तिथे गेज जे दाखवेल त्यात चार वाढवायला सांगा. एवढं केलंत तरी पुरे.

आणि मार्चअखेरीला पुन्हा मोजा. जानेवारीत पहाटे नीट ३३ भरलेला टायर, झिरपून गेलेली हवा धरली नाही तर, मेच्या सकाळी ३७ दाखवेल. तेव्हा मोजून जास्तीची निघाली तर सोडावी लागते.

आता यातून पेट्रोल किती वाचतं, ते खरं खरं सांगतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्याप्रमाणे चारही टायरांत सरासरी एक पॉइंट हवा कमी झाली की अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतं. माझे सात पॉइंट म्हणजे दीड टक्क्याच्या आत-बाहेर, १६ चं १५.८. नुसत्या हवेने १६ चं १२ होत नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर मानू नका. तरी ही तपासणी वरच्या जागी ठेवली ती दोन कारणांनी. एक, ती फुकट आहे. दुसरं, कमी हवेचा टायर दोन्ही कडांनी झिजतो आणि हायवेवर आतून तापतो. पंचवीस-तीस हजारांचे टायर वर्षभर आधी जाणं हे पेट्रोलच्या नुकसानीहून मोठं आहे.

डॅशबोर्डवर हवेचा दिवा नाही लागला म्हणून निश्चिंत राहू नका. बऱ्याच गाड्यांत तो दाब पंचवीस टक्क्यांनी उतरल्यावरच लागतो, म्हणजे ३३ चे २५ झाल्यावर. आणि थंडीत पहाटे लागून अर्ध्या तासाने विझणारा दिवा हा दिव्याचा बिघाड नसतो. तो खरं सांगतोय, त्याच सकाळी हवा बघा.

३. चाकावर नक्की काय बसवलंय?

टॉर्च घ्या, गाडीभोवती एक फेरी मारा. चारही टायरांचं माप एकच आहे ना, आणि ते दारावरच्या स्टिकरशी जुळतं ना? भिंतीवर बाण असेल तर तो गाडी पुढे जाते त्या दिशेला हवा. घाईत उलटा चढवलेला टायर मी महिन्यातून एकदा तरी बघतो. तारखेचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. "नवा" म्हणून विकलेला टायर तीन वर्षं गोदामात पडलेला असेल तर तो विक्रेत्याकडे परत न्यायचा हक्काचा मुद्दा आहे, अ‍ॅव्हरेजशी त्याचा संबंध थोडा असला तरी.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. नवा टायर झिजलेल्या टायरपेक्षा थोडं जास्त पेट्रोल खातोच. जमिनीला टेकताना रबराची उंच नक्षी दबते, सुटते, पुन्हा दबते, आणि त्यात शक्ती उष्णता होऊन जाते. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तो दहा टक्के वाढला की इंधन एक-दोन टक्के जास्त जातं. जुना गुळगुळीत टायर या बाबतीत सगळ्यात काटकसरी होता, पण पावसात तोच सगळ्यात धोकादायक. नव्याचा हा जास्तीचा खर्च आणि मीटरची ती दीड-दोन टक्क्यांची गोम एकत्र केली की लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर कमी दिसणं अगदी स्वाभाविक आहे. तुमची घट एवढीच असेल तर इथेच थांबा, दुरुस्त करायला काही नाही.

एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांतही फरक असतो. काही टायरांवर बीईईचं (केंद्र सरकारच्या ऊर्जा-बचत संस्थेचं) तारे असलेलं लेबल येतं, फ्रिजवर असतं तसं. तारे जास्त असलेला टायर रस्त्यावर कमी शक्ती खातो. पुढच्या खरेदीच्या वेळी ते बघा, आत्ता घातलेले चांगले टायर त्यासाठी काढू नका.

परदेशात मुलं असलेले काका-काकू मला विचारतात, "तिकडे हिवाळ्याचे टायर वेगळे घालतात, आपणही घालावेत का?" माझा भाचा जर्मनीत आहे. तिकडे ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, असा लोकांचा ठोकताळा आहे, आणि बर्फाळ रस्त्यावर तसे टायर घालणं तिथे कायद्यानेच बंधनकारक. त्या टायरचं रबर मऊ असतं, कारण साधं रबर सात अंशांच्या खाली कडक होत जातं. त्या मऊपणापोटी आणि खोल नक्षीपोटी तिकडचे लोक थोडं जास्त इंधन जाळतात, आणि बर्फावर जीव वाचतो म्हणून ते योग्यच आहे. ग्वाल्हेरला पहाट गार असली तरी दुपार वीसच्या वर जाते आणि रस्त्यावर बर्फ नसतो. इथे ते टायर लवकर झिजतील आणि पेट्रोलही खातील. धुक्यासाठी तर त्यांचा काहीच उपयोग नाही.

४. कुठलं चाक अडकतंय?

अ‍ॅव्हरेज लिटरमागे दोन-तीन किलोमीटरने पडलं असेल तर माझा संशय पहिला इथे जातो. टायरवर इतकं पडत नाही, अडकलेल्या ब्रेकवर पडतं.

सपाट, मोकळी जागा शोधा. मेळा नसतो तेव्हा मेळा मैदानाच्या आसपासचे रस्ते यासाठी चांगले. एकाने ड्रायव्हरच्या जागी बसून पाय ब्रेकपाशी तयार ठेवायचा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. दुसऱ्याने मागून ढकलायची. छोटी गाडी एका माणसाच्या जोराने हळूहळू का होईना सुटायला हवी. दोघांनी रेटूनही हलत नसेल किंवा दोन पावलांत थबकत असेल तर काहीतरी धरून बसलंय.

मग दहा-पंधरा किलोमीटर चालवून या, शक्य तेवढे कमी ब्रेक लावत. थांबल्यावर तळहाताची मागची बाजू प्रत्येक रिमपासून दोन बोटं लांब धरा. रिमला किंवा आतल्या डिस्कला हात लावू नका, चटका बसतो. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, ब्रेकचा भार त्यांच्यावर असतो. तुलना डाव्या-उजव्याची करायची. एक बाजू कोमट आणि दुसरीची धग दुरूनच लागते, असं असेल तर ते चाक सापडलं.

मागच्या हिवाळ्यात जनकगंजातल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. चार नवे टायर घालून तीन आठवडे झाले होते आणि १५ चं अ‍ॅव्हरेज ११ वर आलं होतं. टायर बसवणाऱ्याने फसवलं, असं त्यांचं ठाम मत. मी गाडीजवळ गेलो तेव्हा मागच्या डाव्या चाकापाशी हलका, करपलेल्या धुळीसारखा वास येत होता. हात नेला तर धग. उजव्या चाकाला काहीच नाही. हँडब्रेकची केबल पावसाळ्यात आतून गंजली होती. दांडा खाली यायचा, पण केबल परतायची नाही. पाऊस संपल्यावर गाडी दीड महिना उभी होती, तेवढ्यात ती पक्की धरली. टायर बदलायच्या दिवशी ती पहिल्यांदा लांब चालली, म्हणून दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एक झाल्या. केबल बदलली, ड्रम साफ केला, पुढच्या टाकीला १४.८.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: पावसाळ्यात किंवा गाडी फार दिवस उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला विटेची उटी लावा.

५. तळहाताने टायर वाचा, मग अलाइनमेंट

गाडी बंद, चाक थंड. टायरच्या नक्षीवरून तळहात आधी बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं टोचतं, असं लागलं तर टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडलाय. चाकं सरळ धावण्याऐवजी किंचित तिरकी होऊन रस्त्यावर घासत जातायत. तारेच्या ब्रशने घासावं तसं रबर घासलं जातं, आणि ते घासण्याचं काम तुमचं पेट्रोल करतं. नव्या टायरवर हे दोन-तीन हजार किलोमीटरमध्येच हाताला लागतं, डोळ्यांना दिसायला उशीर होतो. म्हणून हात.

पावसाळ्यानंतर अलाइनमेंट का बिघडतं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. एक खोल खड्डा पुरतो. टायर बदलताना अलाइनमेंट केलं असं बिलावर असलं तरी आधीचा आणि नंतरचा आकडा असलेला छापील कागद मागा. कागद नसेल तर काम झालं असं धरू नका. काम करण्याआधी हवा बरोबर करून घ्यायला सांगा. एका बाजूचे टायर बसलेले असतील तर मशीनवर घेतलेलं मापच चुकतं. आमच्याकडे याला काही शे रुपये लागतात, आणि बिघडलेल्या टोवर नवे टायर चालवण्यापेक्षा ते फार स्वस्त आहे.

बॅलन्सिंगबद्दल एवढंच: ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरत असेल तर करा, नव्या टायरला ते करायलाच हवं. पण अ‍ॅव्हरेज वाढवायला म्हणून कुणी विकत असेल तर नको म्हणा.

६. टायर सोडून उरलेलं

इथवर सगळं ठीक निघालं तर गाडीचा वापर आठवा. थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो आणि तोवर ते जास्त पेट्रोल मागतं. मुलांना शाळेत सोडलं, घरी आलो, तासाने बाडावर (लष्करातल्या मुख्य बाजारात) गेलो, परत आलो, असे दोन-तीन किलोमीटरचे फेरे असतील तर इंजिन दिवसभरात कधीच नीट तापत नाही. सकाळी काच स्वच्छ व्हायची वाट बघत दहा मिनिटं गाडी उभ्यानेच चालू ठेवली, तर त्या दहा मिनिटांचं अ‍ॅव्हरेज शून्य. काचेवर आदल्या रात्री जुनी चादर टाकून ठेवा आणि सकाळी सुरू केल्यावर मिनिटभरात हळू वेगाने निघा. चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं.

पेट्रोलही बदललंय. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. टायर बदलले त्याच सुमारास तुमच्या पंपावर हा बदल झाला असेल, आणि तुमचा जुना आकडा त्याआधीचा असेल, तर काही टक्के तिथेच गेले.

आणखी एक खूण खास थंडीतली आहे. अर्धा तास चालवूनही हीटर कोमटच हवा देत असेल आणि तापमानाचा काटा खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप) उघडा अडकलेला असू शकतो. इंजिन कायम गारठलेलं राहतं आणि जास्त पेट्रोल पितं. उन्हाळ्यात हे कळत नाही, ग्वाल्हेरचा जानेवारी ते उघड करतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

एक चाक तापतंय, वास येतोय किंवा ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते, असं असेल तर गाडी हायवेवर नेऊ नका. ब्रेक घरी उघडायचं काम नाही. पॅडच्या मागे पिन अडकलीय, पिस्टन अडकलाय की केबल, हे उघडल्यावर ओळखायला सवय लागते, आणि चुकीच्या जोडणीची किंमत पुढच्या चौकात मोजावी लागते. डिकीतल्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली तर कधीच शिरू नका. तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो.

टायरच्या भिंतीवर फुगवटा दिसला तर त्याच दिवशी स्टेपनी चढवा. आतले धागे तुटलेले असतात, त्याला पॅच लागत नाही. वेगासोबत वाढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घरघर बेअरिंगची असते, तीही मेकॅनिककडेच. अलाइनमेंट करूनही महिन्याभरात पुन्हा सुटत असेल तर तिसऱ्यांदा पैसे भरू नका. टाय रॉड, बुश किंवा वाकलेला भाग आधी शोधून घ्या. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल किंवा थर्मोस्टॅटचा संशय असेल तर स्कॅनर असलेल्या इलेक्ट्रिशियनकडे जा.

जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: तीन टाक्यांचे लिटर आणि किलोमीटर, सकाळच्या थंड टायरांचे चार आकडे, जुन्या आणि नव्या टायरचं माप, टायर बदलल्याची तारीख, आणि कुठलं चाक तापतं ते. असा कागद घेऊन आलेल्या माणसाची गाडी मी सहसा अर्ध्या तासात समजून घेतो. नुसतं "अ‍ॅव्हरेज पडलं" म्हणून आलेल्याची गाडी दिवसभर ठेवून घ्यावी लागते.